आलाय, आला आणि आला होता

मिरजेत आमच्या घरी संध्याकाळी सात ते साडेआठ मी इंग्रजी बोलायची बॅच घेते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे बॅचमधे निम्म्याहून जास्त नर्सेसच असतात, कुणाची ड्युटी नुकतीच संपलेली असते, कुणी बॅचमधून उठून थेट नाइटला जाते, आणि बऱ्याच जणींना बाहेर जायचंय, कुणाला इंग्लंडला, कुणाला दुबईला, त्यासाठी ओईटी नाहीतर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी चाललीय.

गेल्या गुरुवारी हँडओव्हरची प्रॅक्टिस घेत होते. म्हणजे एकीची ड्युटी संपली, दुसरी आली, तर पहिलीने दुसरीला पेशंटबद्दल सगळं सांगायचं, पण इंग्रजीत. जत तालुक्यातली एक मुलगी आहे, अतिशय मेहनती, ती म्हणाली, "डॉक्टर हॅज सीन द पेशंट यस्टरडे." मी तिला थांबवलं, म्हटलं हॅज सीन नाही, सॉ. डॉक्टर सॉ द पेशंट यस्टरडे. तिने वहीत लिहून घेतलं आणि मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, पण आम्ही वॉर्डात मराठीत काय म्हणतो, डॉक्टरांनी पेशंटला कालच बघितलंय. आणि बघितलंय म्हणजे हॅज सीन असं तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकवलं. मग काल आलं की ते कसं काय बदललं?"

मी म्हटलं, इंग्रजीत यस्टरडेबरोबर हॅज चालत नाही. तिने मान डोलावली, आम्ही पुढे गेलो. पण रात्री भांडी आवरताना ते मला टोचत राहिलं, कारण हे उत्तर नाहीच. "चालत नाही" हेच मला पण शाळेत सांगितलं होतं, आणि मी ते पाठ केलं होतं, पण पाठ केलेलं बोलताना आठवत नाही ना. बोलताना माणूस आपल्या भाषेच्या वळणानेच जातो. तिचा प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्याला खरं उत्तर द्यायला पाहिजे होतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

आधी एक सांगते. इंग्रजी शिकवणारे बरेच जण म्हणतात की मराठीत विचार करू नका. मला हे अजिबात पटत नाही. पंचवीस वर्षांची बाई, जन्मापासून मराठीत जगलेली, ती सोमवारपासून विचार कशात करणार? आणि मुख्य म्हणजे या बाबतीत मराठीने आपल्याला जे दिलंय ते फेकून देण्यासारखं नाहीच. सिंपल पास्ट (सॉ) आणि प्रेझेंट परफेक्ट (हॅज सीन) यातला फरक समजायला जो कान लागतो तो आपल्याकडे लहानपणापासून असतो. फक्त मराठीने कुंपण जिथे घातलंय तिथे इंग्रजीने घातलेलं नाही, थोडं अलीकडे पलीकडे आहे. ते कुठे सरकलंय एवढंच बघायचं.

गॅसवाल्याचं उदाहरण घ्या. घरात कुणीतरी ओरडतं, "गॅसवाला आलाय!" म्हणजे काय? तो दारात उभा आहे, सिलेंडर खांद्यावर आहे, पैसे आण. आता तेच कुणी म्हणालं, "गॅसवाला आला होता", तर? आला आणि गेला पण. आता धावत जाऊन उपयोग नाही. हा फरक आपल्याला कुणी शिकवला नाही, चार वर्षांच्या पोराला पण कळतो. "पप्पा आलेत" म्हटलं की ते दाराकडे पळतं, "पप्पा आले होते" म्हटलं की रडतं.

"आलाय" मधला तो शेवटचा य आहे ना, तो म्हणजे "आहे". आला आहे, आलाय. केलं आहे, केलंय. बोलताना आहे इतका झिजला की एक य उरला. आणि आहे म्हणजे आत्ता. इंग्रजीतही हुबेहूब तेच झालंय, आय हॅव बोलताना झिजून आयव्ह होतं, नुसता ओठाला चाटून जाणारा व उरतो, म्हणूनच तो आपल्या पोरींना ऐकूच येत नाही आणि त्या म्हणतात की इंग्रज लोक "आय सीन" म्हणतात का. तो व ऐकायला शिका, त्यात त्यांचं आत्ता आहे. जुन्या इंग्रजीत तर येणं जाणं अशा क्रियापदांना हॅज ऐवजी इज लावायचे, ही इज कम. शब्दाला शब्द ठेवला तर तो आला आहे. आणि आपण शाळेत बारा काळांचा जो तक्ता पाठ केला त्यात प्रेझेंट परफेक्ट कुठे बसलाय बघा, प्रेझेंटच्या खाली. मराठीतही नाव पूर्ण वर्तमानकाळ. क्रिया झालेली असली तरी वाक्य वर्तमानाबद्दल बोलतंय, हे नावातच लिहिलंय, पण आपण तक्ता पाठ करताना नावाकडे बघितलं नाही.

म्हणजे इथपर्यंत मराठी आणि इंग्रजी बरोबर चालल्यात. आलाय म्हणजे हॅज कम. आय हॅव सेंट द मेल, मेल पाठवलाय, तुमच्या इनबॉक्समधे आहे, बघा. आय हॅव लॉस्ट माय की, किल्ली हरवलीय, अजून सापडली नाही, मी बाहेर उभी आहे.

गुंता होतो तो काल आल्यावर. मराठी काय करते, ती एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगते. "डॉक्टरांनी कालच बघितलंय", यात घडलं कधी ते पण आहे, काल, आणि त्याचा आत्ताशी संबंध पण आहे, तो य, म्हणजे आता परत बोलवायची गरज नाही. दोन्ही एका दमात. इंग्रजी म्हणते की एका वाक्यात एकच सांग. एक तर आत्ताचं सांग, हॅज सीन, मग घड्याळ आणि कॅलेंडर काढू नको. नाहीतर कधी झालं ते सांग, सॉ यस्टरडे, मग तो आत्ता वगैरे ऐकणारा आपलं आपण समजून घेईल. त्या मुलीला मी हेच सांगायला पाहिजे होतं. तिचं मराठी चुकलेलं नव्हतं, तिच्या एका मराठी वाक्यात इंग्रजीची दोन वाक्यं होती.

आणि इंग्रजी माणसं खरंच तसं दोन वाक्यांत बोलतात. त्यांच्या बातम्या ऐका. पहिलं वाक्य, मंत्र्याने राजीनामा दिलाय, हॅज रिझाइन्ड. लगेच दुसरं वाक्य, त्याने आज सकाळी पत्र दिलं, तिथून पुढे सगळं साध्या पास्टमधे. पहिल्या वाक्याने दार उघडायचं आणि मग आत गेल्यावर तपशील पास्टमधे सांगायचा. गप्पांमधे पण तेच. हॅव यू एव्हर बीन टु गोवा? येस. मग पुढचा प्रश्न व्हेन डिड यू गो, हू डिड यू गो विथ. तिथे परत हॅव नाही. आपल्या पोरी इथेच "व्हेन हॅव यू कम" म्हणतात, कारण मराठीत "कधी आलायस?" अगदी छान वाक्य आहे. इंग्रजीत व्हेन हा शब्द स्वतःच कॅलेंडर आहे, त्याने विचारलं की हॅव बाजूला.

इंग्रजीचा हा नियम जगाचा नियम नाहीये हं. पुण्यात जर्मन शिकलेली एक मुलगी मागच्या वर्षी बॅचला होती, ती म्हणाली जर्मनमधे हॅव सारखंच क्रियापद लावून खुशाल काल म्हणतात. फ्रेंचमधेही चालतं. तेव्हा इंग्रजीचंच हे वेगळं आहे, आपण काही कमी पडतोय असं नाही.

आता काल म्हणजे फक्त काल नाही. परवा, गेल्या आठवड्यात, 2014 मधे, आठ वाजता, दोन दिवसांपूर्वी, मी शाळेत असताना, ही सगळी बंद झालेली वेळ. आज, या आठवड्यात, आतापर्यंत, सोमवारपासून, ही उघडी वेळ, अजून चालू आहे. मजा "आज सकाळी" ची आहे. अकरा वाजता बोलताय तर सकाळ अजून संपली नाही, आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग. तेच दुपारी चारला सांगताय तर सकाळ संपली, आय हॅड टू कप्स. शब्द तोच, घड्याळ पुढे गेलं म्हणून क्रियापद बदललं. पोरींना मी सांगते की तुमची शिफ्ट धरा. शिफ्ट चालू असेपर्यंत त्या शिफ्टमधलं सगळं हॅव मधे बसू शकतं, आय हॅव गिव्हन थ्री इंजेक्शन्स सो फार, अजून देईन. घरी जाऊन जेवताना सांगताय तर आय गेव्ह. क्रिकेटमधेही असंच, फलंदाज खेळपट्टीवर आहे तोवर ही हॅज स्कोअर्ड फिफ्टी, आउट होऊन पॅव्हेलियनमधे गेला की ही स्कोअर्ड फिफ्टी.

अजून एक जागा आहे जिथे काल नसतो आणि तरी हॅज चालत नाही, आणि ही मला स्वतःला फार उशिरा कळली. जेवताना आपण विचारतो, "ही भाजी कोणी केलीय?" केलीय आहे, य आहे, म्हणून आपण हू हॅज मेड धिस म्हणायला जातो. इंग्रजीत म्हणतील हू मेड धिस. का? कारण भाजी समोर ताटात आहे. ती झालीय ही बातमी नाही, ती सगळ्यांना माहीतच आहे, आता फक्त मागे जाऊन कोणी केली एवढं विचारायचंय. दार आधीच उघडलेलं आहे, तपशील चालू झाला. हा फोटो कोणी काढलाय, हू टुक धिस. ही साडी कुठे घेतलीयस, व्हेअर डिड यू बाय इट. असल्या वाक्यांना तुमचा य काही मदत करत नाही, तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

मालवणला गेलो होतो तेव्हा होडीतून सिंधुदुर्ग बघताना एक गाइड उत्तरेकडच्या पर्यटकांना इंग्रजीत सांगत होता, "शिवाजी महाराज हॅज बिल्ट धिस फोर्ट." मन लावून, छाती भरून सांगत होता. मराठीत आपण हेच म्हणतो, हा किल्ला महाराजांनी बांधलाय. 1664 ला काम सुरू झालं, 1667 ला पूर्ण झालं, साडेतीनशे वर्षं उलटून गेली तरी आपण बांधला नाही म्हणत, बांधलाय म्हणतो, कारण तो आहे ना समोर, समुद्रात उभा आहे. इंग्रजीत तिथे बिल्टच. हॅज बिल्ट म्हटलं की त्यांच्या कानाला बांधणारा माणूस अजून हयात आहे असं वाटतं.

हे मला सगळ्यात जास्त कुठे जाणवलं सांगू, लताबाई गेल्या तेव्हा. 6 फेब्रुवारी 2022, रविवार होता. तोपर्यंत शी हॅज संग चालत होतं, त्यानंतर इंग्रजीत शी संग. एका सकाळीत क्रियापद बदललं. मराठीत मात्र आजही "लताबाईंनी किती गाणी गायलीयत" असंच आपण म्हणतो आणि ते चुकीचं नाही. मला आपली ही सोय फार प्रिय आहे. इंग्रजी बोलताना ती सोडावी लागते, ठीक आहे, पण आपल्याकडे ती आहे हे पोरींना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता होतो, होते, होता. माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजीतली सगळ्यात मोठी अडचण हॅव नाहीच, हॅड आहे. आपण म्हणतो "मी काल सांगलीला गेले होते." आणि बोलताना तर तेही झिजलंय, मुंबईकडे "गेलेले" म्हणतात, वऱ्हाडात "गेल्ती" म्हणतात. काल गेले आणि परत आले, संपलं, एवढाच अर्थ. गॅसवाल्यासारखं. पण शाळेत होते म्हणजे हॅड असं शिकवलेलं, म्हणून आय हॅड गॉन टु सांगली यस्टरडे. इंग्रजीत हॅड ऐकलं की ऐकणारा थांबून वाट बघतो, कशाच्या आधी?

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत हेच झालं. पुण्यातल्या एका ऑफिसात, मी म्हटलं आय हॅड कंप्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2004, आणि समोरचे गृहस्थ पेन हातात धरून बघत बसले, मग म्हणाले, येस, अँड देन? मला वाटलं त्यांना पुढचं शिक्षण विचारायचंय, मी म्हटलं नथिंग सर. पाच सेकंद दोघंही गप्प. त्यांना वाटत होतं की 2004 मधे ग्रॅज्युएशन आटपल्यावर पुढे काहीतरी घडलं, ते मी सांगणार. काहीच घडलं नव्हतं. नुसतं आय कंप्लीटेड पाहिजे होतं. ती नोकरी मिळाली नाही, त्याचं कारण हेच असं म्हणणार नाही, पण तो गप्प बसलेला क्षण मला आजही आठवतो आणि माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीवर तो येऊ नये असं वाटतं.

तेव्हा आपला होता इंग्रजीत बहुतेक वेळा साधा पास्ट. गॅसवाला आला होता, द गॅस मॅन केम. बास. हॅड फक्त तेव्हा जेव्हा मागच्या काळात दोन गोष्टी आहेत आणि त्यातली आधीची कोणती हे सांगायचंय, मी पोचेपर्यंत गॅसवाला येऊन गेला होता.

येऊन गेला वरून आठवलं, गॉन आणि बीन. ही हॅज गॉन टु मुंबई म्हणजे मुंबईला गेलाय, अजून तिकडेच आहे. ही हॅज बीन टु मुंबई म्हणजे मुंबईला जाऊन आलाय. पुस्तकात यावर पानभर लिहिलेलं असतं. मराठी बाईला "गेलाय" आणि "जाऊन आलाय" एवढं सांगितलं की दहा सेकंदात कळतं, परत विचारावं लागत नाही. म्हणून म्हणते मराठी फेकू नका.

बाकी आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स हे पण आपलंच, दहा वर्षं राहतेय वरून आलेलं, तिथे हॅव बीन लिव्हिंग फॉर टेन इयर्स. आणि अमेरिकन लोक जस्ट, ऑलरेडी, येट बरोबर खुशाल साधा पास्ट वापरतात, डिड यू ईट येट, तर सिरीज बघून गोंधळू नका, इंग्लंडला जायचं असेल तर हॅव यू ईटन येट.

खाण्यावरूनच आणखी एक सांगते. ऑपरेशनच्या आधी पेशंट एनपीओ, म्हणजे उपाशी, ठेवतात, पोट रिकामं लागतं, साधारण सहा तास आधीपासून जेवण बंद आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. नाहीतर भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मग नर्स पेशंटला दोन प्रश्न विचारते. पहिला, "काही खाल्लंय का?" हॅव यू ईटन एनीथिंग? हा पोटाबद्दलचा प्रश्न आहे, आत्ता पोटात काही आहे का. दुसरा, "शेवटचं कधी खाल्लं?" व्हेन डिड यू लास्ट ईट? हा घड्याळाबद्दलचा. दोन प्रश्न, दोन काळ, आणि दोन्ही लागतातच.

सोमवारी मी बॅचला हेच मांडलं. जतच्या त्या मुलीला पेशंटची नर्स केलं, दुसरीला ड्युटीवर येणारी. तिला म्हटलं तुझं मराठी वाक्य डोक्यात येऊ दे, अडवू नको, फक्त त्यात य आणि वेळ दोन्ही असेल तर दोन तुकडे कर. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "द डॉक्टर हॅज सीन हर. ही सॉ हर यस्टरडे ॲट सिक्स." दुसरीने विचारलं, हॅज शी ईटन? "येस, शी हॅज. शी हॅड टी अँड टू बिस्किट्स ॲट सिक्स थर्टी." मग आपलं आपण पुढे, "आय हॅव इन्फॉर्म्ड द डॉक्टर." म्हणजे ऑपरेशन पुढे ढकलायचं का ते आता डॉक्टर बघतील. तिला कुणी हे तिसरं वाक्य सांगितलं नव्हतं.

बॅच संपताना तिनेच विचारलं, मॅडम, पेशंट गेला तर नातेवाइकांना कसं सांगायचं. मराठीत आपण फक्त "गेले" म्हणतो. मी सांगितलं, आधी आय ॲम सो सॉरी, युवर फादर हॅज डाइड. मग थांबायचं. त्यांना बसू दे, रडू दे. त्यांनी विचारलं तरच पुढचं, ही डाइड ॲट टेन पास्ट फोर. आधी वेळ सांगायची नाही. सगळ्या जणींनी ती दोन वाक्यं एकेकदा म्हणून बघितली, मधे थांबून. नऊ वाजून गेले होते, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.